ग्रुपवरचा उपद्रव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या आमच्या ले-आउटचा, म्हणजे वसाहतीचा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी २०१६ पासून सांभाळतो. वर्धा रोडच्या आतल्या बाजूची पावणेदोनशे घरं, ग्रुपवर आज ३४० जण. पाण्याच्या टँकरची वेळ सगळ्यांना कळावी म्हणून तो काढला होता. पुढे शाळेच्या बॅचचे, निवृत्त सहकाऱ्यांचे, फुटाळा तलावावर सकाळी फिरणाऱ्यांचे ग्रुप चालवणारे लोक विचारू लागले, "भाऊ, तुमच्याकडे शांतता कशी काय राहते?" राहत नाही. पण काय केलं की कमी बिघडतं ते हळूहळू कळत गेलं. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एका सामान्य अ‍ॅडमिनची आहेत, वकिलाची किंवा मानसशास्त्रज्ञाची नाहीत.

१. उपद्रव म्हणजे नेमकं काय? मला राग आला म्हणजे तो उपद्रव झाला का?

राग तर टँकरवाल्याचाही येतो. जुलै २०१९ ची गोष्ट सांगतो. शहरात तेव्हा एक दिवसाआड पाणी सुरू झालं होतं. सकाळी सव्वासहाला एका ताईंनी लिहिलं, "आज नळ आठपर्यंतच राहील." त्याच्या चार मिनिटं आधी एका काकांनी तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे फायदे सांगणारा फॉरवर्ड टाकला होता. एकाने हसणारा चेहरा टाकला. दुसऱ्याने आधार विचारला. तिसऱ्याने आयुर्वेदाची बाजू घेतली, चौथ्याने तिसऱ्याची डिग्री काढली. आठ वाजेपर्यंत ६३ मेसेज झाले आणि ताईंचा मेसेज वर कुठेतरी गाडला गेला. कितीतरी घरांच्या टाक्या त्या दिवशी कोरड्या राहिल्या.

तांब्याच्या भांड्याने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. केलं ते त्याच्यानंतरच्या साठ मेसेजांनी, आणि त्यातले नऊ माझे होते. तेव्हापासून माझं मोजमाप एकच आहे: ज्याच्यामुळे कामाचा मेसेज माणसापर्यंत पोचत नाही तो उपद्रव. मग ती शिवी असो, की शिवी देणाऱ्याला दिलेलं बाणेदार उत्तर.

२. पण बोलणारे तर ठरलेले सात-आठच असतात. बाकीच्यांना काय फरक पडतो?

फरक बाकीच्यांनाच पडतो. जेकब नील्सन या अभ्यासकाने २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ हिशेब मांडला होता: शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, आणि बहुतेक सगळा मजकूर एकटा शंभरावा लिहितो. आमच्याकडे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, चित्र तेच. हे नव्वद जण तक्रार करत नाहीत, भांडत नाहीत, ग्रुप सोडतही नाहीत. ते गुपचूप आवाज बंद करतात. पूर्वी आठ तास, एक आठवडा किंवा एक वर्ष असे पर्याय होते, २०२० मध्ये वर्षाच्या जागी 'कायमचा' आला. एकदा माणसाने तो निवडला की तुमच्या टँकरच्या मेसेजलाही तो गेला. म्हणून वाद सुरू झाला की मी दोघा भांडणाऱ्यांचा विचार सर्वांत शेवटी करतो.

३. 'गुड मॉर्निंग'मध्ये एवढं वाईट काय आहे? कुणाचं मन मोडायचं का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, तोही दोन्ही बाजूंनी. सुनेकडूनही आणि सासऱ्यांकडूनही.

फुलांची ती चित्रं भारतीयांच्या फोनमधली जागा इतकी खाऊ लागली होती की गुगलने डिसेंबर २०१७ मध्ये फाइल्स गो हे अ‍ॅप काढलं आणि अशी चित्रं हुडकून पुसून टाकायची सोय त्यात दिली. म्हणजे तक्रार खोटी नाही.

आम्ही आधी उपाय केला तो वेगळा ग्रुप काढण्याचा. नाव दिलं 'सुप्रभात कट्टा', पाठवणाऱ्या सगळ्या काका-काकूंना त्यात घेतलं. आठवड्याभरात तो ओस पडला आणि फुलं परत मूळ ग्रुपवर उमलू लागली. मी एका काकांना विचारलं, "तिकडे काहून नाही टाकत?" ते म्हणाले, "तिथं सारे टाकणारेच आहेत, पाहणारं कोण हाय?" बरोबर होतं त्यांचं. रोज सकाळी चित्र टाकणारा माणूस खरं तर हजेरी लावत असतो, आणि हजेरी घेणारा कुणीतरी लागतो.

मग नियम बदलला. शुभेच्छा चालतील, पण शब्दांत. चित्र, व्हिडिओ नको. सकाळी आठच्या आत. गंमत अशी की शब्दांत लिहायचं म्हटल्यावर संख्या आपोआप निम्म्यावर आली, आणि जे उरले ते खरोखर काहीतरी लिहू लागले. "आज कूलरची टाकी दोनदा भरली, उठा" हा एप्रिलमधला सुप्रभात मला कोणत्याही गुलाबापेक्षा आवडतो.

४. फॉरवर्ड आणि अफवा यांत फरक कसा ओळखायचा?

मेसेजवर दोन बाण आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' अशी खूण असेल तर तो तुमच्यापर्यंत यायच्या आधी किमान पाच हात फिरलेला असतो. असा मेसेज एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. त्याआधी, जुलै २०१८ मध्ये, भारतात कुठलाही फॉरवर्ड एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली. ती का आली हे विसरू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना मारून टाकलं. भटक्या समाजातले, भिक्षेवर पोट भरणारे लोक होते ते. त्या अफवेचे मेसेज तेव्हा राज्यभर फिरत होते. आपल्याही फोनमध्ये होते.

बाण नसले म्हणजे खरं असंही नाही, कारण मजकूर कॉपी करून टाकला की खूण जाते. मी तीन गोष्टी विचारतो: कुणी पाहिलं, कुठे, किती वाजता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्या ग्रुपवर साडेसहाला मेसेज आला: "अंबाझरी फुटला, सगळे गच्चीवर जा." तलाव ओसंडणं आणि बांध फुटणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाठवणाऱ्या पोट्ट्याला फोन केला. त्याला मामेभावाने पाठवलं होतं, मामेभावाला ऑफिसातल्या कुणीतरी. त्याच वेळी एका काकूंनी लिहिलं, "मी आत्ता खिडकीतून पाहून राहिली, आपल्या नाल्याला पाणी आहे पण रस्त्यावर आलं नाही." त्या सकाळचा कामाचा मेसेज हाच होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, आपल्या गल्लीतलं.

५. खोटा मेसेज खोटा आहे हे सगळ्यांसमोर सांगायचं की खासगीत?

मेसेजबद्दल सगळ्यांसमोर, माणसाबद्दल खासगीत. ग्रुपवर एक ओळ: "ही बातमी खरी नाही, पाणी नेहमीच्या वेळेला येईल." कुणाचं नाव नाही, "फॉरवर्ड करण्याआधी डोकं वापरा" असला टोमणा नाही. मग पाठवणाऱ्याला वेगळा फोन. मेसेज नव्हे, फोन. साठीच्या माणसाला त्याच्या सुनेच्या देखत चूक दाखवली तर तो चूक मान्य करत नाही, दुसऱ्या दिवशी 'पुरावा' घेऊन येतो.

अल्बर्टो ब्रँडोलिनी नावाच्या इटालियन माणसाने २०१३ मध्ये म्हटलं होतं की थाप मारायला जेवढी ताकद लागते त्याच्या कितीतरी पट ती खोडायला लागते. हे खरं आहे, म्हणूनच प्रत्येक थाप खोडत बसू नका. जिच्यामुळे कुणाच्या जिवाला, पैशाला किंवा अब्रूला धोका आहे ती लगेच खोडा. काकडीने मधुमेह जातो असं कुणी म्हणालं तर डॉक्टरी गोळी बंद करायला सांगितलंय का तेवढं पाहा. नसेल तर काकडी खाऊ द्या.

६. चुकणाऱ्याला एकदा चांगलं सुनावलं की बाकीचे शिकतात, असं नाही का?

नागपूरकराला हे पटणं स्वाभाविक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण काळी-पिवळी मारबत, म्हणजे इडापिडेचे पुतळे, काढतो, वर्षभर ज्याने छळलं त्याचा बडग्या, म्हणजे पुतळा, बनवतो आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणत साऱ्या शहरात फिरवतो. सार्वजनिक निंदेची एवढी मोठी मिरवणूक दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. पण बडग्या कागदाचा आणि बांबूचा असतो. संध्याकाळी तो जळतो आणि विषय संपतो. सी-ब्लॉकमधले काका दुसऱ्या दिवशी दुधाच्या बूथवर तुमच्या पुढे उभे असतात.

आणि शिकतात म्हणाल, तर सुनावणं पाहून बाकीचे एवढंच शिकतात की इथे तोंड उघडायचं नाही. प्रश्न २ मधले नव्वद जण असेच तयार होतात.

७. एक जण मुद्दाम वाद उकरतो. "उत्तर देऊ नका" म्हणतात, पण मग त्याचंच खरं वाटेल ना लोकांना?

अशा माणसाला ट्रोल म्हणतात. इंग्रजीत मासेमारीत हा शब्द आहे: चालत्या होडीमागे गळ सोडून ठेवायचा आणि कोण अडकतं ते पाहायचं. जुन्या इंटरनेटवर नव्या लोकांना असेच डिवचायचे आणि चिडून येणारी उत्तरं मोजायचे. तेव्हाचा सल्ला होता, त्याला खायला घालू नका. तुमची शंका मात्र रास्त आहे. पूर्ण गप्प बसलं तर वाचणाऱ्याला वाटतं, उत्तर नसेल यांच्याकडे.

आम्ही एक उत्तर देतो. एकच, एकाने, दोन ओळींत, आणि ते त्याच्यासाठी नसतं, वाचणाऱ्यांसाठी असतं. "रस्त्याच्या वर्गणीचा हिशेब १२ तारखेला टाकला आहे, वर पिन केलेला आहे." त्याने काहीही म्हटलं तरी दुसरं उत्तर नाही. अवघड काम त्याला थांबवणं नसतंच. आपल्याच बाजूच्या चार शूरवीरांना थांबवणं असतं. मी त्यांना आधी खासगीत लिहितो: "भाऊ, तुमचं बरोबर आहे, पण आता नको." यात माझा अर्धा वेळ जातो.

८. तो शिवीही देत नाही, भांडतही नाही, फक्त प्रश्न विचारतो. त्याला काय म्हणणार?

"मी तं फक्त विचारून राहिलो ना बाप्पा!" हा प्रकार सर्वांत चिवट. २०१४ मध्ये एका इंग्रजी व्यंगचित्रात एक समुद्रसिंह दाखवला होता. एका जोडप्याच्या पाठोपाठ तो घरापर्यंत येतो आणि अत्यंत नम्रपणे पुरावे मागत राहतो. तेव्हापासून इंग्रजीत या वागण्याला सी-लायनिंग म्हणतात. आपल्याकडे किस पाडणं म्हणतात, पण किस पाडणाऱ्याला निदान विषयात रस असतो. याला तुमच्या दमण्यात रस असतो.

खरा प्रश्न आणि हा प्रश्न ओळखायची खूण सोपी आहे. खरा विचारणारा उत्तर वाचतो, त्याचा पुढचा प्रश्न उत्तरातून निघतो. हा उत्तराला हातच लावत नाही. आमच्या एका सदस्यांनी लिफ्टच्या दुरुस्तीचे दर तीनदा मागितले. तीनदा दिले. चौथ्यांदा म्हणाले, "पारदर्शकता हवी एवढंच माझं म्हणणं." त्यांना रविवारी कार्यालयात फाइल पाहायला बोलावलं. आले नाहीत. तेव्हापासून जो कोणी दोनदा तोच प्रश्न विचारेल त्याला आम्ही फाइल पाहायला बोलावतो. ज्याला खरंच शंका असते तो येतो, चहा पितो आणि बहुतेक वेळा आमचीच एखादी चूक काढून जातो.

९. राजकारणावर बंदी घालावी का?

पक्षावर घाला, राजकारणावर घालता येणार नाही. ले-आउटच्या ग्रुपवर तुंबलेली गटार हेही राजकारणच. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. पुढे कितीतरी काळ नगरसेवकच नव्हता, तेव्हा लोकांनी तक्रार करायची कुठे? ग्रुपवरच झाली. ती दाबली असती तर ग्रुपचा उपयोगच संपला असता. आमची रेघ अशी: काम, रस्ता, अधिकारी, अर्ज यावर वाट्टेल तेवढं बोला, पक्ष, नेता, धर्म यांचं नाव आलं की थांबा.

एक विषय या रेघेत बसत नाही. दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की कुणीतरी १९५३ चा नागपूर करार, म्हणजे विदर्भाला महाराष्ट्रात येताना दिलेली आश्वासनं, काढतं आणि वेगळ्या विदर्भावर दोन दिवस धुमश्चक्री होते. यात पक्ष नाही, धर्म नाही, आणि सगळ्यांकडे मत आहे. मी ती होऊ देतो. फक्त त्या दोन दिवसांत पाण्याचे मेसेज वेगळ्या, फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतात अशा सूचना-ग्रुपवर टाकतो. खरं सांगायचं तर मलाही त्या वादात बोलायचं असतं.

१०. सदस्याने काही भलतंसलतं टाकलं तर अ‍ॅडमिनवर गुन्हा दाखल होतो का?

या प्रश्नावरचा महत्त्वाचा निकाल आपल्याच शहरातून आला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर एका सदस्याने महिला सदस्याबद्दल अश्लील भाषा वापरली. अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून २०१६ मध्ये अ‍ॅडमिनवरच गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला तो रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: अ‍ॅडमिनला लोकांना घेता-काढता येतं, पण मजकूर पडण्याआधी तो तपासता किंवा अडवता येत नाही, म्हणून दोघांचा सामायिक हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजची फौजदारी जबाबदारी त्याच्यावर येत नाही. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही याच दिशेने निकाल दिला.

हे वाचून पाय पसरून बसू नका. एक, तुम्ही स्वतः तो मेसेज पुढे पाठवला, त्याला दाद दिली, तर तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून नाही, माणूस म्हणून अडकू शकता. दोन, नागपूरचा निकाल आला तेव्हा अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज पुसताच येत नव्हता. ती सोय २०२२ मध्ये आली. उद्या कुणी विचारलं की हातात रबर होतं तरी पुसलं का नाही, तर उत्तर तयार असावं. आमचं उत्तर म्हणजे पुसणं, ताबडतोब, आणि स्क्रीनशॉट जपून ठेवणं.

जाता जाता: भांडणात "तुमच्यावर ६६-ए लावतो" अशी धमकी आजही येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं आहे. इतर कलमं मात्र आहेत, तेव्हा हसून विषय बदला.

११. ग्रुप पूर्ण बंद, म्हणजे 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' असा, कधी करावा?

शहरात तणाव असेल तेव्हा, वाट न पाहता. १७ मार्च २०२५ ला महाल भागात हिंसाचार झाला, काही भागांत संचारबंदी लागली. त्या संध्याकाळी आम्ही ग्रुप बंद केला आणि फक्त पोलिसांच्या अधिकृत सूचना टाकल्या. एकानेही तक्रार केली नाही. मात्र बंद करताना कधी उघडणार तेही लिहा. नाहीतर प्रश्न १६ पाहा.

१२. गंमत केली तर लोक लगेच अंगावर येतात. विनोदही करायचा नाही का?

चौकात ठेल्यावर तर्री-पोहे खाताना मित्राला "भैताड आहे बे तू" म्हटलं तर तो आणखी तर्री मागतो. तेच लिहून ३४० जणांसमोर टाकलं तर तो शिवी वाचतो. आवाज, हसू, खांद्यावरचा हात यातलं काहीच अक्षरांत उतरत नाही. म्हणून माझा सल्ला: ज्याच्यावर विनोद आहे तो तुमचा मित्र असला तरी ग्रुपवर नको, स्वतःवर केलात तर कितीही करा.

जात, धर्म, बाईच्या दिसण्यावरचा विनोद मी चर्चा न करता पुसतो. दीक्षाभूमी ज्या शहरात आहे तिथे तरी "एवढं काय मनावर घेता" हे वाक्य कुणी मला ऐकवू नये.

१३. काही जण सतत दुसऱ्यांचं शुद्धलेखन काढतात. मदत आहे की त्रास?

त्रास. बदलीवर आलेल्या एका सदस्यांनी "मी येऊन राहिलो" या आपल्या नागपुरी वाक्याखाली "मी येत आहे" अशी दुरुस्ती केली. पुढचा महिनाभर सगळा ले-आउट मुद्दाम 'करून राहिला', 'जाऊन राहिला', 'पाहून राहिला'. शेवटी तेच लिहून गेले, "मी समजून राहिलो." आता आमचे चांगले स्नेही आहेत.

१४. जाहिराती किती चालू द्याव्यात?

आमच्यातलाच माणूस, स्वतःची वस्तू, रविवारी एकदा. नोव्हेंबरात आंबिया बहाराची आणि फेब्रुवारी-मार्चात मृगाची संत्री काटोलकडच्या आपल्या बागेतून आणणारे दोन जण आहेत; त्यांचा मेसेज आला नाही तर लोकच विचारतात. डबे, पापड, शिकवण्या यांचंही तसंच. पैसे दुप्पट करणारे, शेअरच्या टिपा देणारे, साखळीने सदस्य जोडणारे यांचा मेसेज पहिल्याच वेळी पुसायचा आणि दुसऱ्या वेळी माणूस. यात नातं पाहायचं नाही. माझ्या साडूंना मी काढलं आहे. दिवाळीला बोलले नाहीत.

१५. वाढदिवसाला शंभर मेसेज येतात, श्रद्धांजलीलाही. दोन्ही थांबवावं का?

वाढदिवसाला पहिल्या मेसेजवर अंगठा किंवा हृदय द्या. मे २०२२ पासून ती सोय आहे. श्रद्धांजलीला हात लावू नका. माणूस गेला त्या दिवशी घरचे प्रत्येक नाव वाचतात, कोण आलं, कोणाचे चार शब्द आले, हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. प्रश्न १ मधलं माझं मोजमाप इथे मी मोडतो. त्या दिवशी टँकरचा निरोप घरोघरी तोंडी पोचवतो. आणि हो, निधनाच्या बातमीवर अंगठा नको. दर वेळी कुणीतरी देतं.

१६. अ‍ॅडमिनच उपद्रवी असेल तर?

हा प्रश्न पहिल्यांदा मलाच, माझ्याबद्दल आला होता. २०२१ मध्ये वरच्या टाकीच्या कंत्राटावरून माझ्यावर टीका झाली आणि मी 'शांतता राखण्यासाठी' ग्रुप तीन दिवस बंद ठेवला. कसला तणाव नव्हता, काही नव्हतं. माझी जिरली होती, एवढंच. चौथ्या दिवशी उघडला तेव्हा एका आजींनी लिहिलं, "बेटा, रुसवा गेला का?"

त्यानंतर तीन अ‍ॅडमिन केले, त्यातल्या एक ताई माझ्या विरोधातल्या. नियम असा की ज्याच्यावर टीका आहे त्याने त्या दिवशी बटणाला हात लावायचा नाही. तुमच्याकडे एकच अ‍ॅडमिन असेल आणि तो ऐकत नसेल तर त्याच्याशी ग्रुपवर भांडू नका. तीन-चार जणांनी घरी जाऊन बोला. तरीही नाही ऐकलं तर दुसरा ग्रुप काढा.

१७. माणसाला काढायचं कधी? आणि काढलेल्याने दुसरा ग्रुप काढला तर?

धमकी, बाईला त्रास, फसवणूक: लगेच. बाकी सगळ्याला फोन, मग दुसरा फोन, मग आठवड्याची सुट्टी असं सांगून. कायमचं काढलेले आमच्याकडे आजवर दोनच. एकाने खरंच 'खरे रहिवासी' नावाचा ग्रुप काढला. मी त्यात सामील झालो, वाचतो, लिहीत नाही. तिकडेही आता फुलांवर बंदी आहे म्हणतात.

१८. मेसेज पुसला की झालं ना? पुसलेल्याची चर्चा जास्त होते.

होते. "काय होतं? काय होतं?" असे वीस मेसेज येतात. म्हणून पुसल्यावर लगेच एक ओळ लिहितो: "वैयक्तिक मजकूर होता, काढला." स्वतःची चूक असेल तर १५ मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी पुसता येतो. स्क्रीनशॉट मात्र कुणाला पुसता येत नाही.

१९. मला आता झेपत नाही. ग्रुप सोडला तर लोक काय म्हणतील?

फारसं कुणाला कळणारही नाही. ऑगस्ट २०२२ पासून तुम्ही बाहेर पडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. सोडून गेलेल्यांची यादी सदस्यांना साठ दिवस दिसते, पण ती उघडून पाहतो कोण? आमच्या ग्रुपवरून गेल्या उन्हाळ्यात अशा चार जणांनी पाय काढला. कारण विचारायला मी गेलो नाही. सूचना-ग्रुपवर राहा एवढं सुचवलं. तिघे राहिले. चौथ्या काकू तिथूनही गेल्या. टँकर वळणावर आला की त्यांच्या शेजारची पोरगी गच्चीवरून हाक मारते.